घरचें पाणी आणि घरचा डांस

(कुटुंबांसाठीं व रात्रीच्या वर्गांत वाचून दाखविण्यासाठीं एक धडा)



आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ या गांवाचें नांव महाराष्ट्रभर झालें तें बाबू गेनू यांच्यामुळें. ता. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस परदेशी कापडाची मोटार अडवितांना त्यांनीं प्राण दिला. पुढें घोड नदीवर डिंभे येथें धरण झालें, तेव्हां त्याच्या जलाशयास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. त्या धरणानें, आणि माणिकडोह, येडगांव, वडज व पिंपळगांव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या इतर धरणांनीं, जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या शेतीचें रूप पालटलें. जेथें केवळ पावसाच्या भरंवशावर पेरावें लागे, तेथें आज कांदा, बटाटा, टोमॅटो व ऊंस उभा दिसतो. पाणी हें मोठें दान आहे. परंतु दान हातीं आल्यावर तें राखण्याची रीतही शिकावी लागते. वाहतें पाणी शेत पिकवितें. सांचलेलें पाणी डांस पिकवितें. या धड्यांत आम्ही दुसऱ्या प्रकारच्या पाण्याविषयीं, आणि त्यांतही विशेषेंकरून घरांतल्या पाण्याविषयीं, सांगणार आहों.

१. बेलसर गांवीं काय घडलें?

दूरच्या देशांकडे पाहण्यापूर्वीं आपण आपल्याच पुणे जिल्ह्यांतील एका गांवाकडे पाहूं. पुरंदर तालुक्यांत जेजुरीजवळ बेलसर म्हणून गांव आहे. इ. स. २०२१ च्या जुलै महिन्याच्या आरंभापासून तेथें तापाचे रोगी दिसूं लागले. पांच जणांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्थेकडे पाठविण्यांत आले. त्यांपैकीं तिघांस चिकुनगुन्या झाल्याचें समजलें. तेव्हां संस्थेची मंडळी ता. २७ ते २९ जुलै या दिवसांत स्वतः बेलसर व परिंचे या गांवीं गेली आणि त्यांनीं ४१ जणांचें रक्त तपासणीस नेलें. त्यांत २५ जणांस चिकुनगुन्या, ३ जणांस डेंग्यू आणि एका बाईस झिका हा रोग झाल्याचें ठरलें. महाराष्ट्रांत झिका आढळल्याचा हा पहिलाच प्रसंग होय. ती बाई बरी झाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु एका खेडेगांवांतल्या तापाची वार्ता दिल्लीपर्यंत गेली आणि केंद्र सरकारनें तज्ज्ञांचें पथक तेथें धाडलें.

या हिशेबाकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. रोग तीन, त्यांचे विषाणु तीन. परंतु ते माणसांपर्यंत पोंचविणारा डांस एकच. तो डांस कोणी परगांवाहून आणून सोडला नव्हता. जो डांस बेलसरला आहे, तोच आपल्या गांवींही आहे. आपल्याकडे एखादा रोगी प्रवास करून आला, कीं पुढचें काम हा डांस करतो.

२. हा डांस कोण?

डांसांच्या जाती पुष्कळ आहेत. परंतु आपल्याकडे रोग पसरविणाऱ्या मुख्य तीन. त्यांच्या संवयी निरनिराळ्या असल्यामुळें त्यांची ओळख वेगवेगळी करून घेतली पाहिजे.

पहिला एडिस. हा लहान, काळा, आणि अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला असतो. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका हे तिन्ही रोग हाच पसरवितो. हा दिवसा चावतो. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं आणि सायंकाळीं दिवे लागण्यापूर्वीं त्याचा जोर अधिक. खुंटीवर टांगलेल्या कपड्यांमागें, खाटेखालीं, माळ्यावर, अंधाऱ्या कोपऱ्यांत तो बसून राहतो. त्याचें जन्मस्थान म्हणजे घरांतील व घराभोंवतींचें स्वच्छ, सांठविलेलें पाणी.

दुसरा अ‍ॅनाफिलीस. हा रात्रीं चावतो आणि हिंवताप पसरवितो. भिंतीवर बसला म्हणजे त्याचें शेपूट वर उचललेलें व अंग तिरपें दिसतें. पाटाच्या कडेचीं डबकीं, ओढ्याच्या कांठचें संथ पाणी, खणून सोडलेले खड्डे, उघड्या विहिरी व टांक्या यांत तो वाढतो.

तिसरा क्युलेक्स. हाही रात्रीं चावतो. घाणेरडीं गटारें व शौचालयाच्या मैल्याच्या टांक्या हीं त्याचीं घरें. हत्तीरोग हा पसरवितो. विदर्भांतील कित्येक जिल्ह्यांत या रोगानें पाय कायमचे सुजलेलीं माणसें आजही आहेत.

तिन्ही जातींत रक्त पिते ती केवळ मादी, कारण अंडीं वाढविण्यास तिला रक्ताची गरज असते. नर झाडापानांच्या रसावर जगतो.

३. लोकांच्या समजुती

पूर्वीं सर्व देशांत लोकांस असें वाटे कीं ताप दलदलीच्या दूषित हवेंतून येतो. मलेरिया या शब्दाचा इटालियन भाषेंतील अर्थच मुळीं ‘वाईट हवा’ असा आहे. इ. स. १८८० मध्यें लाव्हरां या फ्रेंच वैद्यानें अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत हिंवतापाचे जंतु पाहिले. पुढें ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं आपल्याच देशांत, सिकंदराबाद येथें, रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत ते जंतु शोधून काढले, त्यांस इ. स. १९०२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून हवेवरचा आरोप संपला. तरी अद्यापि कित्येक घरीं ‘पाणी बदललें म्हणून ताप आला’, ‘दृष्ट लागली’, ‘दैवांत होतें’ असें म्हणण्याची चाल आहे. असें म्हटल्यानें मनाचें समाधान होत असेल, परंतु परसांतल्या पिंपांतील अळ्या जशाच्या तशाच राहतात.

चिकुनगुन्याविषयींही एक गैरसमज आहे. नांवाच्या सारखेपणामुळें पुष्कळ लोक समजतात कीं हा रोग कोंबडी खाल्ल्यानें होतो. तसें मुळींच नाहीं. हा शब्द आफ्रिकेंतील माकोंडे लोकांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘वांकून जाणें’ असा आहे. इ. स. १९५२ मध्यें टांगानिकांत हा रोग प्रथम ओळखला गेला, आणि सांध्यांच्या दुखण्यानें वांकलेल्या रोग्यांवरून त्यास हें नांव पडलें. आपल्या महाराष्ट्रांत इ. स. १९७३ मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें त्याची साथ आली होती. त्यानंतर तो फार वर्षें दिसेनासा झाला आणि इ. स. २००५-०६ मध्यें पुन्हां देशभर पसरला. यानें मृत्यु क्वचित् होतो. परंतु सांधे कित्येक आठवडे, कांहींचे तर महिनोन्‌महिने धरून राहतात. ज्या मजुरास कांदा काढण्याच्या दिवसांत वांकतां येत नाहीं, त्याच्या घरचा वर्षाचा हिशेबच मोडतो. मग हा रोग लहान असें कोणी म्हणावें?

झिकाची गोष्ट याहून निराळी. इ. स. १९४७ मध्यें युगांडांतील झिका नांवाच्या अरण्यांत एका माकडांत हा विषाणु सांपडला. बहुतेक माणसांस तो सौम्य ताप व पुरळ यांपलीकडे त्रास देत नाहीं. परंतु इ. स. २०१५ मध्यें ब्राझील देशांत त्याची साथ पसरली, आणि ज्या गर्भवती स्त्रियांस हा रोग झाला त्यांच्यापैकीं कित्येकींचीं मुलें लहान डोक्याचीं व अपुऱ्या वाढीच्या मेंदूचीं जन्मलीं. इ. स. २०२४ मध्यें पुणें शहरांत झिकाचे रोगी आढळले, त्यांतही गर्भवती स्त्रिया होत्या. म्हणून ज्या घरीं सून किंवा लेक गरोदर आहे, त्या घरानें डांसाविषयीं दुप्पट सावध असावें. तिला दिवसा ताप किंवा पुरळ आला तर ‘अंगावर काढूं’ असें न म्हणतां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.

४. डांस घरींच कसा जन्मतो?

आतां या धड्याचें मुख्य सूत्र सांगतों. एडिसची मादी आपलीं अंडीं पाण्याच्या पृष्ठभागावर सोडीत नाहीं; पाण्याच्या वरच्या कडेला, भांड्याच्या ओल्या भिंतीस चिकटवून ठेवते. पाणी उपसलें तरी अंडीं भिंतीसच राहतात आणि कोरड्या भांड्यांत कित्येक महिने टिकतात. पुन्हां भांडें भरलें, पाणी अंड्यांपर्यंत चढलें, कीं तीं फुटून अळ्या बाहेर पडतात. अळीचा कोष होतो आणि कोषांतून डांस उडतो. अंड्यापासून डांसापर्यंतचा हा सर्व प्रवास उबदार दिवसांत सुमारें ७ ते १० दिवसांत पुरा होतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, आठवड्यांतून एकदां भांडें रिकामें केलें तर अळीचा डांस होण्यास वेळच मिळत नाहीं. दुसरी ही कीं, केवळ रिकामें करणें पुरेसें नाहीं. भिंत घांसलीच पाहिजे, नाहींतर अंडीं राहतात.

तिसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. हा डांस फार दूर उडत नाहीं. ज्या घरीं जन्मला तें घर व शेजारचीं घरें एवढाच बहुधा त्याचा संसार. शेंदोनशें मीटरांपलीकडे तो क्वचितच जातो. तेव्हां आपल्या मुलास ज्या डांसानें डेंग्यू दिला, तो आपल्या पिंपांत तरी जन्मला असेल, किंवा शेजाऱ्याच्या पिंपांत तरी. तसेंच शेजाऱ्याच्या अंगणांत जो ताप गेला, त्याचा डांस कदाचित् आपल्या उखळांतून उडाला असेल. घरांची भिंत माणसांस अडविते, डांसास नाहीं. म्हणून या बाबतींत एकट्यानें स्वच्छ राहून भागत नाहीं आणि एकट्यानें आळशी राहण्याचा अधिकारही कोणास नाहीं.

५. हवाना शहराचा दाखला

घरोघरचें पाणी आवरल्यानें साथ थांबते याचा पुरावा काय, असें कोणी विचारील. पुरावा क्यूबा बेटांतील हवाना शहराचा आहे. तेथें पिढ्यान्‌पिढ्या पीतज्वर नांवाचा भयंकर रोग घर करून होता. तो डांस पसरवितो असें कार्लोस फिन्ले या तेथल्या वैद्यानें इ. स. १८८१ मध्येंच सांगितलें होतें, परंतु त्याचें कोणी ऐकलें नाहीं. इ. स. १९०० मध्यें वॉल्टर रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें प्रयोगानें सिद्ध केलें. तो डांस म्हणजे आपल्या घरांतला हाच पट्ट्यांचा एडिस. त्या काळीं पीतज्वरावर लस नव्हती, औषधही नव्हतें. इ. स. १९०१ मध्यें गॉर्गास या अधिकाऱ्यानें घरोघर तपासनीस धाडले. हौद झांकले, डबे उपडे केले, टाकाऊ पाण्यावर तेल ओतलें, आणि रोग्यांस जाळीच्या आड ठेवलें. त्याच वर्षीं हवाना शहरांतून पीतज्वर नाहींसा झाला. पिंपें व डबे यांवरच्या या मोहिमेनें तें काम झालें.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढें दक्षिण अमेरिकेंतील देशांनीं या डांसाविरुद्ध मोठी मोहीम काढली आणि इ. स. १९५८ मध्यें ब्राझील देश त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. मग लोक निश्चिंत झाले, काम ढिलें पडलें आणि डांस परत आला. ज्या ब्राझीलमध्यें तो उरला नव्हता, त्याच ब्राझीलमध्यें इ. स. २०१५ ची झिकाची साथ झाली.

आपल्या देशांतही हेंच घडलें. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांत दरवर्षीं सुमारें साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई आणि आठ लाख माणसें त्यानें मरत. इ. स. १९५३ मध्यें सरकारनें हिंवतापाविरुद्ध देशव्यापी कार्य सुरू केलें. घरोघर भिंतींवर डी. डी. टी. फवारली गेली. इ. स. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. आतां हा रोग संपलाच असें सर्वांस वाटलें. परंतु डांस त्या औषधास दाद देईनासे झाले, देखरेखही सैल झाली, आणि इ. स. १९७६ मध्यें रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली. तात्पर्य हें कीं, डांसाशीं एकदांच लढून चालत नाहीं. शेतांतलें तण जसें दर हंगामांत काढावें लागतें, तसें हें काम दर आठवड्यास करावें लागतें.

६. धुराचा भरंवसा

गांवांत दोघांतिघांस डेंग्यू झाला कीं ‘ग्रामपंचायतीनें धूर सोडावा’ अशी मागणी होते. यंत्र येतें, गल्ली पांढऱ्या धुरानें भरते, मुलें मागें धांवतात, आणि सर्वांस वाटतें कीं काम झालें. साथीच्या ऐन वेळीं या धुराचा उपयोग आहे, हें खरें; परंतु त्यानें उडते डांस तेवढे मरतात, आणि तेही धूर ज्यांस लागला तेच. खाटेखालीं व कपाटामागें दडलेले पुष्कळसे वांचतात, आणि पाण्यांतल्या अळ्यांस तर तो शिवतही नाहीं. चार दिवसांनीं नवे डांस तयार. कडुलिंबाच्या पाल्याच्या धुरीनें डांस कांहीं वेळ दूर जातात. ते मरत नाहींत, आणि बंद खोलींतल्या धुरानें तान्ह्या मुलाच्या छातीस मात्र अपाय होतो.

आम्ही धुरास विरोध करीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, धूर दुसऱ्यानें सोडावयाचा असतो, आणि रांजण आपला आपण धुवावयाचा असतो. पहिल्याची वाट पाहत बसणें सोपें, म्हणून दुसरें काम राहून जातें.

७. आठवड्याचा कोरडा दिवस

सरकारी आरोग्य खातें ‘आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळा’ असें सांगत असतें. त्याचा अर्थ असा कीं, एक दिवस ठरवून त्या दिवशीं घरांतील पाण्याचें प्रत्येक भांडें रिकामें करावें, घांसावें, वाळवावें व मग भरावें. दिवस कोणता हें महत्त्वाचें नाहीं. सर्व आळीनें एकच दिवस धरावा हें महत्त्वाचें. आठवड्याच्या बाजाराचा आदला दिवस बरा, कारण तो कोणी विसरत नाहीं.

त्या दिवशीं करावयाचीं कामें अशीं:

(१) रांजण, पिंप, माठ, हंडे व न्हाणीघरांतील हौद रिकामे करून आंतून काथ्यानें किंवा ब्रशानें घांसावे. विशेषतः पाण्याची रेघ जेथपर्यंत येते तो भाग. मग झांकण नीट बसवावें. झांकण नसेल तर जुनें धोतर किंवा लुगडें दुहेरी करून दोरीनें घट्ट बांधावें.

(२) जनावरांची दगडी डोण व कोंबड्यांचीं पाण्याचीं भांडीं धुवावीं.

(३) अंगणांतील उखळ उलथवितां येत नसेल तर त्यांतील पाणी काढून तें वाळूनें भरून ठेवावें.

(४) फुटकीं मडकीं, डबे, करवंट्या, बाटल्या, प्लॅस्टिकचे पेले हे गोळा करून पुरावे किंवा भंगारवाल्यास द्यावे. छपरावर किंवा गोठ्यामागें टाकलेलें जुनें टायर हें तर डांसांचें आवडतें पाळणाघर; तें छताखालीं ठेवावें किंवा त्यास भोंकें पाडावीं.

(५) फुलझाडांच्या कुंड्यांखालच्या बशा, थंड पाण्याच्या कूलरचें पाणी व शीतकपाटामागची पाणी सांचण्याची ताटली यांकडे पाहावें.

(६) गच्चीवरच्या टांकीचें झांकण पाहावें. शौचालयाच्या टांकीच्या उंच नळीच्या तोंडाशीं बारीक जाळी किंवा कापड बांधावें.

(७) जी विहीर किंवा मोठा हौद रिकामा करतां येत नाहीं, त्यांत गप्पी मासे सोडावे. हे लहान मासे अळ्या खातात. आरोग्य केंद्रांत त्यांविषयीं विचारावें. मात्र ते नदींत किंवा ओढ्यांत सोडूं नयेत, कारण तेथील मूळच्या माशांस त्यांचा उपद्रव होतो.

येथें भगिनी आम्हांस विचारतील: ‘नळास पाणी एक दिवसाआड येतें, तें सांडून कसें द्यावें?’ प्रश्न रास्त आहे. पाणी सांडूं नये. तें दुहेरी फडक्यांतून दुसऱ्या स्वच्छ भांड्यांत गाळून घ्यावें, पहिलें भांडें घांसावें, आणि मग पाणी परत भरावें. तळाशीं अळ्या असलेलें जें पाणी उरेल तें गटारांत ओतूं नये, तेथें त्या जगतात. उन्हानें तापलेल्या कोरड्या मातीवर ओतावें. झाडांच्या बुंध्याशीं ओतलें तरी चालेल, मात्र तें तेथें डबकें होऊन राहूं नये.

हें काम केवळ स्त्रियांवर टाकूं नये हेंही आम्ही स्पष्ट सांगतों. भरलेलें पिंप उपडें करणें हें अंगमेहनतीचें काम आहे. घरांतील पुरुषांनीं व वाढत्या मुलांनीं तें करावें. मुलांस भिंगाशिवायही दिसतील अशा अळ्या एकदां दाखवून द्याव्या. मग तींच घरांतले उत्तम तपासनीस होतील.

आणखी दोन ठिकाणें आपण नेहमीं विसरतों. एक, पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेलेल्या कुटुंबांचीं कुलुपबंद घरें. त्यांच्या गच्चीवरील टांक्या व परसांतील हौद महिनोन्‌महिने कोणी पाहत नाहीं. ज्या शेजाऱ्याकडे किल्ली असेल त्यानें तें काम आपलेंच समजावें. दुसरें, सार्वजनिक जागा: शाळा, समाजमंदिर, उपासनामंदिर आणि कबरस्थान. कबरींवर ठेवलेल्या फुलदाण्यांतील पाण्यांत हा डांस हटकून आढळतो. तेथें फुलें पाण्याऐवजीं ओल्या वाळूंत खोंचून ठेवावीं. मृतांचा मानही राहतो आणि जिवंतांचें आरोग्यही.

८. ताप आला तर

कोणताही ताप दोन दिवसांत उतरला नाहीं, किंवा थंडी वाजून आला, तर रक्त तपासून घ्यावें. हिंवताप असल्यास त्यावर निश्चित औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य मिळतात. परंतु एक प्रकारचा हिंवताप असा आहे कीं त्याचे जंतु यकृतांत दडून बसतात व कित्येक महिन्यांनीं पुन्हां उठतात. त्यासाठीं १४ दिवसांचें औषध दिलेलें असतें. बरें वाटलें म्हणून तिसऱ्या दिवशीं गोळ्या टाकून देणें म्हणजे पुढच्या तापास निमंत्रण होय.

डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका यांच्या विषाणूंस मारणारें औषध नाहीं. विसांवा, भरपूर पाणी, पेज, ताक, शहाळें, जलसंजीवनी आणि तापासाठीं वैद्य सांगेल त्या मानानें पॅरासिटॅमॉल एवढाच उपचार. अ‍ॅस्पिरिन व सूज-वेदनेच्या इतर गोळ्या दुकानांतून आणून देऊं नयेत; डेंग्यूंत त्यांनीं रक्तस्राव वाढतो.

डेंग्यूविषयीं एक गोष्ट सर्वांनीं पाठ करावी. धोक्याची वेळ ताप असतांना नव्हे, तर ताप उतरतांना येते. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरच्यांस वाटतें, ताप गेला, आतां मूल बरें झालें. आणि त्याच वेळीं तें ढासळतें. पोटांत जोराचें दुखणें, वारंवार उलटी, नाकांतून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणें, लघवी कमी होणें, फार तळमळ किंवा गुंगी, यांतील एकही चिन्ह दिसलें तर रात्र आहे, गाडी नाहीं, उद्यां पाहूं, असें म्हणूं नये. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा जें जवळ असेल तेथें तत्काळ न्यावें. अंगारा, दोरा, पपईच्या पानाचा रस यांत हे मोलाचे तास घालवूं नयेत.

रोग्यास पहिले पांच-सहा दिवस दिवसाही मच्छरदाणींत ठेवावें. हें त्याच्यासाठीं जितकें, तितकेंच शेजाऱ्यांसाठीं. त्या दिवसांत त्याच्या रक्तांत विषाणु असतात. जो डांस त्यास चावेल तो सुमारें आठ-दहा दिवसांनीं इतरांस रोग देऊं लागेल. जाळीच्या आड ठेवलेल्या एका रोग्यामुळें सारी आळी वांचूं शकते. तान्हीं मुलें व गरोदर स्त्रिया यांनींही दुपारीं निजतांना मच्छरदाणी वापरावी, आणि सर्वांनीं सकाळ-सायंकाळ हातपाय झांकणारे कपडे घालावे.

आशाताई किंवा आरोग्यसेवक घरीं येऊन भांडीं पाहूं लागले तर ‘आमच्या घरांत काय घाण आहे काय?’ असा राग मानूं नये. हा डांस स्वच्छ पाण्यांत होतो. अळी सांपडणें ही अप्रतिष्ठा नव्हे, सांपडल्यावर ती तशीच ठेवणें ही होय. तुमच्या तापाची खबरही त्यांस लगेच द्यावी. बेलसरची साथ कळली ती रक्त वेळेवर तपासणीस गेलें म्हणूनच.

जें गांव एखाद्या वर्षीं मोठी मोहीम काढतें आणि पुढच्या वर्षीं विसरतें, त्याच्या घरीं डांस परत येतो. हवाना, ब्राझील व आपला देश यांचा इतिहास हेंच सांगतो. ज्या गांवांत दर आठवड्यास न चुकतां तास-दीड तास काम होतें, तेथें त्यास जन्मण्यासच जागा उरत नाहीं. त्यासाठीं पैसा लागत नाहीं. काथ्या, फडकें आणि शेजाऱ्याशीं एकमत एवढें लागतें.

वर्ग चालविणाऱ्यांसाठीं प्रश्न

१. बेलसर व परिंचे येथें ४१ नमुन्यांत कोणते तीन रोग आढळले? ते कोणता डांस पसरवितो?

२. पिंप रिकामें करून न घांसतां पुन्हां भरलें तर काय होतें, आणि कां?

३. कोरडा दिवस महिन्यांतून एकदां न पाळतां आठवड्यांतून एकदां कां पाळावा?

४. धुरानें कोणते डांस मरतात व कोणते वांचतात?

५. डेंग्यूच्या रोग्यास धोका केव्हां अधिक असतो? धोक्याचीं चार चिन्हें सांगा.

६. रोग्यास दिवसा मच्छरदाणींत कां ठेवावें?

७. वर्गांतील प्रत्येकानें घरीं जाऊन पाण्याचीं सर्व भांडीं मोजावीं व त्यांपैकीं किती उघडीं आहेत हें पुढच्या बैठकींत सांगावें. त्याच बैठकींत आपल्या आळीचा कोरडा दिवस ठरवावा, आणि कुलुपबंद घरांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत याची यादी करावी.